बाडीतले लिंबू फळत नाही? कुऱ्हाड उचलण्याआधी पाणी तोडा

भंडारा : घरामागच्या बाडीत लिंबूचे झाड आहे. सहा-सात वर्षांचे झाले, कवेलूंच्या वर गेले, पाला हिरवागार. पण लिंबू एकही नाही. जिल्ह्यातल्या अनेक घरांमागे असे झाड दिसते. मग कोणीतरी म्हणते, "वांझ झाड हाये, तोडून टाका." आणि झाड तुटते. उन्हाळा लागला की तेच घर बाजारातून लिंबू विकत आणते. एप्रिल २०२२ मध्ये तर लिंबाचा भाव किलोला २०० रुपयांच्या वर गेला होता, काही ठिकाणी एकेक लिंबू १० रुपयांना विकले गेले.

खरे तर अशा बहुतेक झाडांत दोष नसतो. त्यांचे लाड जास्त झालेले असतात. न्हाणीचे पाणी बारा महिने बुडाशी जाते आणि धानाला टाकून उरलेला युरिया मूठ-मूठ झाडालाही मिळतो. झाड खुशीत पालावत राहते. फुलायची त्याला गरजच वाटत नाही.

आधी हे तपासा

बियांपासून लावलेले कागदी लिंबू साधारण चार-पाच वर्षांनी फळायला लागते. डोळा भरलेले कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळते. झाड त्याहून लहान असेल तर थोडी वाट पाहा.

कलम असेल तर बुडाजवळ पाहा. कलमाच्या जोडाच्या खालून फुटलेल्या फांद्या जंभेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटाच्या असतात. त्या जोर धरून वरचे खरे लिंबू दाबून टाकतात. त्या मुळापासून काढा. सरळसोट वाढणारे, जाड काट्यांचे पानसोटही काढा. ते अन्न खातात, फळ देत नाहीत.

ऊनही पाहा. आंब्याच्या किंवा चिंचेच्या सावलीतले लिंबू उंच वाढते, पण फुलत नाही. दिवसाचे सहा तास तरी ऊन पोहोचले पाहिजे. सावली करणाऱ्या फांद्या छाटल्या तरी फरक पडतो.

ताण म्हणजे काय?

लिंबू वर्षातून तीन वेळा फुलू शकते. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया, जून-जुलैत मृग आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त बहर. फुलण्याआधी झाडाला विश्रांती लागते. थंड देशांत ती कडाक्याच्या थंडीमुळे मिळते. आपल्याकडची थंडी तेवढी पुरत नाही, म्हणून पाणी तोडावे लागते. पाणी बंद झाले की नवी पालवी थांबते आणि पानांनी तयार केलेले अन्न फांद्यांत साठते. पुन्हा पाणी मिळाले की त्याच साठ्यावर कळ्या फुटतात. इटलीतल्या सिसिली बेटावरचे लिंबू उत्पादकही उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून वेगळा बहर घेत आले आहेत.

भंडाऱ्यात घरच्या झाडासाठी आंबिया बहर सर्वांत सोपा. डिसेंबरात पाऊस नसतो, जमीन सुकायला लागलेली असते.

पाणी कसे तोडायचे?

डिसेंबरच्या सुरुवातीला झाडाचे पाणी पूर्ण बंद करा. न्हाणीची नाली दुसरीकडे वळवा. नुसती बादली बंद करून नाली चालू ठेवली तर उपयोग नाही.

सिहारसारख्या हलक्या, रेताड जमिनीत साधारण तीन आठवडे पुरतात. कन्हारसारख्या भारी काळ्या जमिनीत पाच आठवडेही लागतात. दिवस मोजण्यापेक्षा झाड पाहा. पाने मलूल होतात, फिकी पडतात आणि त्यातली थोडी गळतात. साधारण पाव भाग पाने गळली की ताण पुरे झाला. फांद्यांची टोके वाळेपर्यंत थांबू नका.

मधेच अवकाळी पाऊस आला तर ताण तुटतो. मग जमीन सुकू देऊन आणखी काही दिवस थांबावे लागते. झाड उन्हाळी धानाच्या बांधीला लागून असेल तर ओल मुळांपर्यंत येते. तिथे मधून फूटभर खोल नाली काढा.

चार वर्षांखालच्या आणि आजारी झाडाला ताण देऊ नका.

ताण तोडताना

झाडाच्या घेराखालची माती हलक्या हाताने दोन-तीन इंच चाळा. मुळे तोडू नका. पूर्ण वाढलेल्या झाडाला १५ ते २० किलो कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड घाला. खत खोडाशी न टाकता फांद्यांच्या टोकांखाली गोल पसरवा, कारण अन्न घेणारी बारीक मुळे तिथेच असतात. पहिले पाणी हलके द्या, चार-पाच दिवसांनी थोडे जास्त, मग नेहमीसारखे. साधारण दोन-तीन आठवड्यांत कळ्या दिसू लागतात.

युरियाचा हात आवरा. त्यात ४६ टक्के नत्र असते आणि नत्र जास्त झाले की पाला वाढतो. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसत असेल तर जस्त कमी पडत असते. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना मिसळून नव्या पालवीवर फवारा.

फूल आले, आता ते टिकवा

सगळ्या फुलांची फळे होत नाहीत, बरीच फुले गळतातच. त्याने घाबरू नका. फुलोऱ्यात कीटकनाशक फवारू नका, मधमाश्या मरतात. एप्रिल-मेच्या झळांत मात्र झाड सुकू देऊ नका. पाणी थोडे-थोडे पण नियमित द्या आणि बुडाभोवती धानाची तणस अंथरा. एकदम कोरडे आणि एकदम ओले झाले की लहान फळे गळतात.

कोवळ्या पानांवर चिमणीच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची असते. मोठी झाली की ती हिरवी होते आणि शेंडे खाऊन टाकते. एका झाडासाठी औषध कशाला, हाताने वेचून काढा.

खोडाला पाणी लागून राहिले तर डिंक्या रोग येतो. सालीतून डिंक गळतो आणि झाड हळूहळू वाळते. म्हणून बुडाशी मातीची भर द्या आणि आळे बाहेरच्या बाजूला करा. पावसाळ्याआधी खोडाला तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवून मग एकत्र करा. भांडे प्लास्टिकचे घ्या, लोखंडाचे नको. खोडात खिळा ठोकण्याचा उपायही काही जण सांगतात. त्याने सालीला जखम होते आणि बुरशीला आत शिरायला वाट मिळते.

लिंबू कधी हाती येईल?

फुलापासून तोडणीपर्यंत पाच-सहा महिने जातात. म्हणजे आंबियाची लिंबे पावसाळ्यात हाती येतात. तेव्हा बाजारात भाव कमी असतो. उन्हाळ्यातले लिंबू हस्त बहराचे असते. त्यासाठी ऐन पावसाळ्याच्या शेवटी ताण द्यावा लागतो, आणि आपल्याकडच्या पावसात ते कठीण. उन्हाळ्यात लिंबू महाग होण्याचे हेही एक कारण आहे. बाडीतल्या लिंबांचे लोणचे पावसाळ्यातच घालून ठेवले तर उन्हाळ्यात ताटात घरचेच लिंबू असते.

पहिल्या वर्षी फुलोरा थोडाच आला तरी झाड ठेवा, पुढच्या डिसेंबरात पुन्हा ताण द्या. पाने-फांद्यांवर खरबरीत खैरे डाग असतील किंवा झाड शेंड्याकडून वाळत असेल, तर एक रोगट फांदी आणि फोटो घेऊन गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा. नवे रोप लावायचे असेल तर साई शरबती, प्रमालिनी, विक्रम या कागदी लिंबाच्या जाती आहेत. खात्रीच्या रोपवाटिकेतूनच घ्या आणि खड्डा न्हाणीपासून लांब काढा.