ब्रेकची काळी भुकटी आणि मोठी डिस्क : काही रूढ समजांची तपासणी

वाशीपासून सीबीडी बेलापूरपर्यंत खाडीच्या बाजूने गेलेला पाम बीच मार्ग, कळंबोलीहून घाटाकडे निघणारा मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला अटल सेतू, असे प्रशस्त रस्ते ज्या नगरीच्या हाताशी आहेत त्या नवी मुंबईत, आकाराने लहान पण प्रकृतीने तेज अशा मोटारींवर जीव लावणारा एक वर्ग निर्माण व्हावा, हे स्वाभाविकच होय. रांजणगावच्या कारखान्यातून निघालेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो, चाकणची पोलो जीटी टीएसआय, अलीकडची आय-२० एन लाइन, या गाड्यांचे मालक त्यांची निगा आस्थेने राखतात. आणि या आस्थेपोटीच दोन समजुती त्यांच्या मनात मूळ धरतात. कारखान्याने दिलेले ब्रेक वेगाच्या मानाने अपुरे आहेत, ही एक. पुढच्या रिमांवर चार दिवसांत साचणारी काळी भुकटी म्हणजे ब्रेकमधला दोष, ही दुसरी. या दोहोंपायी पुष्कळ द्रव्य वाया जाते आणि प्रसंगी सुरक्षिततेलाच बाध येतो, म्हणून त्यांची साक्षेपाने तपासणी करणे अगत्याचे आहे.

डिस्क जितकी मोठी तितकी गाडी लवकर थांबते, असे सर्रास मानले जाते. वस्तुतः ब्रेक चाकाला थांबवितो. गाडीला थांबवितो तो टायर, आणि तोही रस्त्यावरील त्याची पकड जेवढी असेल तेवढ्याच मर्यादेत. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. पेडल सर्व जोराने दाबताच पायाखाली जी थरथर जाणवते, ती ब्रेकचे बल टायरच्या पकडीच्या पलीकडे गेल्याची साक्ष होय. ज्या गाडीत ही थरथर कोरड्या रस्त्यावरही उत्पन्न होते, तिला अधिक मोठी डिस्क आणि चार पिस्टनांचे कॅलिपर बसविल्याने एका दमात थांबण्याचे अंतर घटत नाही. ते घटवायचे असेल, तर तोच पैसा उत्तम टायरांवर, किंवा वय झालेले टायर वेळीच बदलण्यावर खर्च करावा.

मग मोठी डिस्क निरर्थक आहे काय? तसेही नाही, तिचे प्रयोजन मात्र निराळे आहे. ब्रेक गतीचे रूपांतर उष्णतेत करतो, आणि ही उष्णता किती असते याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. चालकासह ११०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबविली, तर सुमारे सव्वाचार लाख ज्यूल ऊर्जा चार चाकांच्या ब्रेकमध्ये ओतली जाते. एवढ्या उष्णतेत जवळजवळ दीड लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत येईल. आता हीच गाडी लोणावळ्याकडून बोरघाटाने खोपोलीकडे उतरते आहे असे समजा. सुमारे पाचशे मीटरांचा हा उतार चोपन्न लाख ज्यूलांच्या घरातील ऊर्जा मोकळी करतो, म्हणजे शंभराच्या वेगावरून बारा-तेरा वेळा थांबण्याइतकी. तीतील काही हवेच्या आणि टायरांच्या घर्षणात जिरते. उरलेली इंजिनाने शोषावी की ब्रेकने, हे सर्वस्वी चालकाच्या हाती असते. जो खालच्या गिअरमध्ये उतरतो त्याचे ब्रेक शाबूत राहतात. जो इंधन वाचविण्याच्या कल्पनेने न्यूट्रलमध्ये उतरतो, तो सगळा भार ब्रेकवर टाकतो. आणि त्याची मूळ कल्पनाही चुकीची असते, कारण आधुनिक इंजिन गिअरमध्ये असताना व अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय काढलेला असताना इंधनाचा पुरवठा आपणहून तोडते. न्यूट्रलमध्ये ते निष्कारण जळत राहते.

डिस्क ब्रेकची कल्पना जुनी. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले. तिची कीर्ती मात्र झाली ती १९५३ साली, ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जग्वारची सी-टाइप मोटार विजयी झाली तेव्हा. त्या विजयाचे मर्म इतकेच, की प्रतिस्पर्ध्यांचे ड्रम तापून निस्तेज होत गेले आणि डिस्क वारंवार तापूनही आपले काम करीत राहिल्या. मोठ्या डिस्केचे सामर्थ्य आजही तेच आहे: ती उष्णता अधिक साठविते आणि लवकर टाकून देते. ज्याला शर्यतीच्या मार्गावर फेऱ्यांमागून फेऱ्या मारावयाच्या आहेत, त्याने ती अवश्य घ्यावी. नेरूळहून सानपाड्याला कचेरीत जाणाऱ्याला तिची निकड नाही. छिद्रे पाडलेल्या डिस्केविषयी तर एवढेच सांगणे पुरे, की ती छिद्रे जुन्या काळच्या पॅडांतून तापल्यावर सुटणाऱ्या वायूंना वाट मिळावी म्हणून आली. आजच्या पॅडांना त्यांची फारशी गरज उरलेली नाही, उलट डिस्केचे वस्तुमान त्यांनी घटते आणि सततच्या तापण्या-निवण्याने छिद्रांच्या कडांपाशी चिरा जाण्याचा संभव वाढतो.

मागील ड्रम काढून तेथे डिस्क बसविण्याचा आग्रहही असाच तपासून घेण्याजोगा आहे. ब्रेक लागताच भार पुढे झुकतो, त्यामुळे लहान गाडीत थांबविण्याचे बहुतांश काम पुढची चाके करतात. पोलो जीटी टीएसआयला मागे ड्रमच होते, आणि त्याच कंपनीने पुढे आयडी-४ या विद्युत् मोटारीलाही मागे ड्रमच दिले. शिवाय पुढच्या-मागच्या ब्रेकचे प्रमाण, हँडब्रेकची जोडणी आणि एबीएसचे गणित कारखान्यात एकमेकांशी जुळविलेले असते. गॅरेजमध्ये एका दुपारी केलेल्या फेरफाराने ते विस्कटले, तर ओल्या रस्त्यावर मागची बाजू प्रथम घसरण्याचा धोका संभवतो. कायद्याची बाजूही दृष्टिआड करता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी तफावत पडेल असा बदल गाडीत करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा अर्थ कठोरपणे लावला आहे. मूळ मापाचे, चांगल्या प्रतीचे पॅड बदलणे ही देखभाल होय. तिला या कलमाची हरकत नाही.

पॅडांची निवड करताना मात्र उलट दिशेची चूक होते. शर्यतीचे पॅड ते सर्वांत उत्तम, असे धरून अनेक जण ते गावातल्या गाडीला लावतात. त्यांचे घर्षण उच्च तापमानात बहरते. पाम बीचवरील पहिल्या सिग्नलाशी, थंड अवस्थेत, ते मूळ पॅडांहूनही कमी पकडतात, वर आवाज करतात, डिस्क खातात आणि भुकटीही अधिक उडवितात.

ज्या गोष्टीकडे खरोखर लक्ष पुरवावे, ती बहुधा दुर्लक्षित राहते. ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंश सेल्सियसला उकळावे, असे प्रमाण आहे. पाणी शोषलेल्या अवस्थेत हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. खाडीकाठच्या दमट हवेत चार-पाच वर्षे न बदललेले ऑइल घाटात तापले आणि कॅलिपरपाशी त्याची वाफ झाली, की वाफ दाबली जात असल्यामुळे पेडल खाली बसते आणि मोठ्यात मोठी डिस्कही त्या क्षणी कामास येत नाही. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी ऑइल बदलण्यास सांगतात. ही मुदत पाळणे, हीच आपल्या हवेत ब्रेकची सर्वांत स्वस्त व सर्वांत सार्थ सुधारणा होय, असे माझे ठाम मत आहे.

आता भुकटीकडे वळू. ती दोषाची निशाणी नाही. पॅड आणि बिडाची डिस्क दोन्ही झिजतात, आणि तिच्यात लोखंडाचा अंश भरपूर असल्यामुळे ती रिमवर चिकटून गंजते व तांबूस डाग पाडते. युरोपीय घडणीच्या गाड्यांना धातूचा अंश असलेले पॅड देण्याची परंपरा आहे. ते तापल्यावर चांगले पकडतात, पण डिस्कही अधिक झिजवितात. सेंद्रिय किंवा सिरॅमिक म्हणून ओळखले जाणारे पॅड भुकटी कमी करतात. मात्र सिरॅमिक पॅड म्हणजे महागड्या मोटारींची कार्बन-सिरॅमिक डिस्क नव्हे, आणि या पॅडांची भुकटी फिकट रंगाची असल्याने डोळ्यांस भासते त्यापेक्षा ती थोडी अधिकच असते, हे ध्यानात ठेवावे. भुकटी अडविण्यासाठी रिमच्या आत बसविण्याच्या पत्र्याच्या चकत्या तर टाळाव्यातच, कारण डिस्केला लागणारा वारा त्या अडवितात.

रिमवर दिसते ती एकूण झिजेचा एक भागच असते. ब्रेकच्या झिजेपैकी साधारण निम्मा अंश सूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत मिसळतो आणि उरलेल्यापैकी बराच रस्त्यावर पडतो. म्हणून हा प्रश्न रिमच्या शोभेचा नाही, सिग्नलाशी उभ्या असलेल्या माणसांच्या श्वासाचा आहे. युरोपीय संघाच्या युरो-७ मानकात प्रथमच ब्रेकच्या कणांवर मर्यादा आली: इंजिनाच्या मोटारीस दर किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, निव्वळ विद्युत् मोटारीस ३. पॅडांतील तांबे पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जलचरांना बाधते, म्हणून वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या अमेरिकी राज्यांनी २०१० सालीच त्यावर टप्प्याटप्प्याने निर्बंध घातले. आपल्या रस्त्यांचे पाणी नाल्यांतून आणि धारण तलावांतून अखेर खाडीलाच मिळते, जिच्या काठी सीवूड्सला रोहित पक्षी उतरतात. तांबेविरहित पॅड मिळत असतील, तर ते घेण्यास याहून वेगळे कारण शोधण्याची आवश्यकता नाही. भुकटी कमी करण्याचा याहून प्रभावी उपाय फुकटचा आहे: सिग्नल लांबून दिसताच अ‍ॅक्सिलरेटर सोडणे.

ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरले, की डिस्क वाकली असे निदान तत्काळ होते आणि ती लेथवर चढविली जाते. पुष्कळदा तेथे वाकणे नसून पॅडाचा थर डिस्केवर असमान बसलेला असतो, किंवा जाडीत सूक्ष्म फरक पडलेला असतो. अतिशय तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून गाडी उभी ठेवणे आणि नवे पॅड पहिल्या दोनशे-तीनशे किलोमीटरांत हळूहळू न रुळविणे, ही त्याची नेहमीची कारणे. पावसाळ्यात सकाळी डिस्केवर दिसणारा पिवळसर गंज मात्र वरवरचा असतो आणि पहिल्या काही ब्रेकांतच पुसला जातो.

रिम धुताना चाक पूर्ण थंड असावे, कारण तापलेल्या बिडावर एकाएकी गार पाणी ओतणे हितावह नाही. आम्लयुक्त द्रव्ये अलॉयचा मुलामा खातात. लोखंडाशी संयोग पावून जांभळा रंग धरणारी द्रव्ये तुलनेने सौम्य असतात, पण तीही वाळू न देता धुऊन काढावीत. हवेच्या दाबाने कोरडी भुकटी उडविणे मॅकेनिकच्या फुप्फुसांस अपायकारक आहे. ती ओल्या फडक्यानेच काढून घ्यावी. आणि धुतलेली गाडी लगेच रात्रभर उभी करू नये. सोसायटीभोवती एक फेरी मारून, दोन-चारदा हलका ब्रेक लावून डिस्क वाळवावी, म्हणजे खाडीच्या दमट हवेत पॅड तिला गंजाने चिकटत नाहीत.