गाण्याच्या पुस्तकातले चित्र

भाद्रपदी पौर्णिमेला आपल्या दर्यापूरकडे भुलाबाई बसते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोजी. सांजच्याला मुली जमतात, गाणी म्हणतात, डब्यातला खाऊ ओळखतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचे मखर होते आणि महिन्याचा पाहुणचार संपतो.

ही गाणी आता सचित्र पुस्तकांतही मिळतात. अशी दोन पुस्तके पुढे आली, तर गुरुजींनी शाळेसाठी कोणते घ्यावे? आपण बहुधा कागद, रंग आणि किंमत पाहतो. माझे म्हणणे असे की, चित्र गाण्याच्या गावचे आहे का, हे आधी पाहावे.

समजा, एका पुस्तकात भुलाबाईच्या गाण्यावर पाटावरचा हत्ती आणि भोवती फेर धरलेल्या मुली आहेत. चित्र सुरेख, पण ते पश्चिम महाराष्ट्रातल्या हादग्याचे, भोंडल्याचे. हस्त नक्षत्राच्या दिवसांतला तो खेळ, म्हणून तिकडे हत्ती शोभतो. दोन्हीकडची कितीतरी गाणी सारखी, त्यामुळे चूक सहज होते. पण आपल्या मुलीला काय वाटेल? पुस्तकात हत्ती आहे, घरी नाही; म्हणजे आजीचेच चुकले! छापील पानाचा वचक मोठा असतो.

शब्दांचेही तेच. पेरणीच्या गाण्यात तिफन आली आणि चित्रकाराने नांगर काढला, तर पेरणीची नांगरट झाली. ज्या पोराने तिफन पाहिलीच नाही, त्याला अर्थ चित्रच सांगणार.

हा प्रश्न परमुलखातही आहे. आयर्लंडच्या जुन्या चालींवर थॉमस मूर याने गीते रचली. 1846 च्या सुमारास डॅनियल मॅक्लिस या चित्रकाराने ती नक्षीदार चौकटींनी सजवली. ते पुस्तक दिवाणखान्याचे. पुढे 1908 ते 1915 पर्यंत डब्लिनजवळच्या एका लहान छापखान्यातून दरमहा गाण्यांचा एक दुमडलेला कागद निघे. त्यावर जॅक येट्स याची चित्रे असत : खलाशी, घोडे, जत्रा, रस्त्यावरची माणसे. रंग हाताने भरलेले. पहिल्यात कलाकुसर अधिक. पण गाणारा माणूस दिसतो तो दुसऱ्यात.

तेव्हा पुस्तक घेताना तीन गोष्टी पाहा. गाणे कोणत्या गावचे, हे लिहिले आहे काय? चित्रातली वस्तू तिकडचीच आहे काय? आणि गावातले शब्द तसेच ठेवले आहेत, की पुस्तकी केले आहेत?

मग ते पुस्तक एखाद्या म्हातारीला दाखवा. ती “असं नसते बाप्पा” म्हणाली, तर तिचे म्हणणे पानाच्या कडेला लिहून ठेवा आणि मुलांकडून नवे चित्र काढून घ्या. त्या पुस्तकाची खरी वऱ्हाडी आवृत्ती तीच होईल.