नावडतीची बाजू

परीकथा बाईच्या बाजूने पुन्हा सांगायची कल्पना आपल्याकडे विलायतेहून आली, असं बरेच शिक्षक धरून चालतात. खरं तर १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’त सावित्रीची कथाच पुरुषांपुढे धरली. बायकोच्या प्राणांसाठी यमाच्या वाटेला गेलेला नवरा कुठे आहे, असा त्यांचा रोख होता. १९६७च्या ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे यांनी गांधारी, कुंती आणि द्रौपदीला पूजेच्या पाटावरून उठवून माणसांत आणलं. मुंबईत जन्मलेल्या आणि आईकडून फलटणच्या नाईक निंबाळकरांशी नातं असलेल्या सुनीती नामजोशी यांचं ‘फेमिनिस्ट फेबल्स’ १९८१मध्ये लंडनहून निघालं. पंचतंत्रापासून ग्रिम-अँडरसनपर्यंतच्या गोष्टी त्यांनी त्यात उलटवल्या. इंग्रज लेखिका अँजेला कार्टर यांचं परीकथा उलटवणारं गाजलेलं ‘द ब्लडी चेंबर’ त्याआधी दोनच वर्षं आलं होतं. म्हणजे मराठी घरातली लेखिका या कामात जगाच्या बरोबरीने होती, आणि तिचं नाव आपल्या वर्गांत अजून पुरेसं घेतलं जात नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या वर्गात लाल टोपीवालीची गोष्ट काढली की पहिली अडचण जंगलाचीच येते. शार्ल पेरोने १६९७मध्ये ती छापली तेव्हा मुलीला लांडगा खातो; ग्रिम बंधूंनी तिला वाचवायला शिकारी आणला. दोन्हीकडे जंगल म्हणजे मुलीने जाऊ नये ती जागा. इथली मुलगी तर उन्हाळ्याच्या तोंडावर पहाटे आईबरोबर मोह वेचायला जाते, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते. वाघाचं भय खरं आहे, दर हंगामात बाया बळी जातात, तरी घर चालवायचं तर रानात जावंच लागतं. तिला ‘वाट सोडू नकोस’ ही शिकवण काय कामाची? तिच्या ओळखीची गोष्ट वेगळीच: भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी, वाघाला बोलण्यात गुंडाळणारी म्हातारी. फ्रान्सच्या खेड्यांत नोंदवलेल्या तोंडी रूपांतही लाल टोपीवाल्या गोष्टीतली मुलगी स्वतःच्याच युक्तीने निसटते. शिकाऱ्याची गरज छापणाऱ्यांना पडली होती. म्हणून मला वाटतं, पुनर्लेखन शिकवताना कागद-पेन नंतर; आधी आजीचं ऐकणं.

अर्थात आजीच्या सगळ्याच गोष्टी बाईच्या बाजूच्या नाहीत. आवडती आणि नावडती राणी घ्या. दोघी जन्मभर एकमेकींचा मत्सर करतात आणि राजाला कोणी जाब विचारत नाही. या दोघी एका रात्री बोलत बसल्या तर? एवढ्या एका प्रश्नावर विद्यार्थी पानंच्या पानं लिहू शकतात. राजकन्येच्या हातात तलवार देण्यापेक्षा हा स्वाध्याय मला कितीतरी मोलाचा वाटतो, कारण तलवारीने नायक बदलतो, राज्य तसंच राहतं.

पण सगळ्यात जपून शिकवायची गोष्ट चेटकिणीची. हॅन्सेल आणि ग्रेटेलमधली जंगलात एकटी राहणारी म्हातारी शेवटी भट्टीत ढकलली जाते आणि मुलं सुटकेचा श्वास सोडतात. आपल्याकडे ही कल्पित कथा उरत नाही. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३मध्ये झाला. त्यानंतरही २०२१च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द इथे भानामतीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना आणि बायांना भर चौकात बांधून मारलं गेलं. २०२४च्या मे महिन्यात गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाडात एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून जाळून मारलं. या दोन घटना सांगितल्याशिवाय चेटकिणीची गोष्ट वर्गात घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. मग विद्यार्थ्यांना सांगावं: म्हातारीच्या तोंडून लिहा. ती एकटी का राहते? तिच्याकडे जमीन किती होती? तिला पहिल्यांदा चेटकीण कोण म्हणालं?

मागच्या काही वर्षांत वारं थोडं फिरलं आहे. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकांत आईबरोबर बाबाही भाजी निवडताना दिसले. जात्यावरच्या ओव्यांतली सीता ऐकवणाऱ्या तारा भवाळकर २०२५मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. गोंडी कथेत कोंडलेल्या मुलांच्या सुटकेत लिंगोच्या जोडीने जंगो रायताड या देवीचं नाव येतं, ते मात्र पाठ्यपुस्तकांपर्यंत अजून नीट पोचलेलं नाही.

या भागातल्या शिक्षकांना एकच विनंती. मुलांना गोष्ट माडियात, गोंडीत, झाडीबोलीत, जशी घरी ऐकली तशी लिहू द्या. पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवू नका.