दुखणं किती वेगानं आलं?

देवबागच्या मासळी विकणाऱ्या काकींना मुलगा माझ्या दवाखान्यात घेऊन आला, तेव्हा त्यांची मान ताठ होती आणि उलट्या होत होत्या. "पित्त झाला असतला, डॉक्टरानू. सकाळपासून उन्हात होती." मालवणात डोकेदुखीला पित्त, ऊन आणि नजर ही तीन कारणं तयारच असतात. किती दुखतंय, यापेक्षा कसं सुरू झालं हे मी आधी विचारतो. काकी म्हणाल्या, "पाटी उचललंय नि डोक्यात कायतरी फुटला."

मिनिटभरात टोकाला जाणारं असं दुखणं मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाचं असू शकतं. धमनीची भिंत एका जागी कमकुवत होते आणि सायकलच्या जुन्या ट्यूबसारखा तिला फुगा येतो. हाच अ‍ॅन्युरिझम. तो फुटल्यावर कधी गुठळी बसून रक्त थांबतं, गोळीनं बरंही वाटतं. पण पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या 24 तासांतच सर्वाधिक. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटी स्कॅनमधून हे रक्त क्वचितच निसटतं. उशीर झाला, तर पाठीतलं पाणी तपासावं लागतं.

ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात काकींच्या स्कॅनमध्ये रक्त दिसलं. तिथून गोव्यातलं बांबोळी, आमच्या जिल्ह्याची ही जुनीच वाट. तिथल्या गोवा मेडिकल कॉलेजचं मूळ 1842च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत, आणि असे फुगे दाखवणारी मेंदूच्या धमन्यांची अँजिओग्राफीही पोर्तुगालमध्येच, 1927 साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी सुरू केली. हा योगायोग मला आवडतो.

बहुतेक फुगे मेंदूच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांवर असतात. काकींचा निघाला मागे, लहान मेंदूच्या खालच्या धमनीवर. ही जागा दुर्मीळ आणि अडचणीची, कारण गिळण्याच्या आणि आवाजाच्या नसा तिथूनच जातात. मांडीतल्या धमनीतून नळी नेऊन फुग्यात प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी भरता येतात, पण काकींच्या फुग्याचा आकार त्याला सोयीचा नव्हता. मानेमागून कवटी उघडून सर्जननी फुग्याच्या मानेवर टायटॅनियमची क्लिप बसवली. अशी पहिली क्लिप वॉल्टर डँडी यांनी 1937 मध्ये बसवली. ती चांदीची होती.

ऑपरेशननंतरही दोन आठवडे जोखमीचे. सांडलेल्या रक्तानं धमन्या आकसतात, म्हणून निमोडिपीन हे औषध 21 दिवस चालतं. गिळणं तपासल्याशिवाय काकींना पेजसुद्धा दिली नाही. आवाज थोडा घोगरा झालाय, तरी बाजारात तो लांबवर पोचतो.

त्यांच्या बहिणीनं विचारलं, "आमी सगळ्यांनी फोटो काढूचे काय?" आईवडील, भावंडं, मुलं यांत दोघांना हा आजार असेल, तर एमआर अँजिओग्राफी करावी; एकट्या काकींमुळे सरसकट नको, असं मी सांगितलं. बीपी आणि धूम्रपान यांकडे मात्र कुणाच्याच बाबतीत दुर्लक्ष करायचं नाही. तिचं बीपी तिथंच मोजलं. जास्त निघालं, म्हणून पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय.