वेगाची मर्यादा आणि दंडाची चिठ्ठी



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझा मुलगा धुळ्याहून जळगांवास आला, तो पायांतले जोडे काढण्यापूर्वींच संतापानें बोलूं लागला. त्याची नोकरी धुळ्यास आणि बिऱ्हाड जळगांवास. त्यामुळें आठवड्यांतून दोन वेळां तरी फागणें, मुकटी, पारोळें, एरंडोल, पाळधी हा सुमारें नव्वद किलोमीटरांचा रस्ता त्याला मोटारीनें तुडवावा लागतो. त्या एका महिन्यांत त्याच्या मोबाइलवर दंडाचे तीन संदेश आले होते. तिन्ही अतिवेगाचे, तिन्ही एकाच जागेचे; आणि तिसरा गुन्हा घडला त्या वेळीं पहिल्याची वार्ताहि त्याला पोहोंचलेली नव्हती. "नाना, तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "पहिल्या खेपेसच कळतें तर पुढच्या दोन खेपांना मी तेथें सावकाश गेलों नसतों काय? ही रस्त्याची शिस्त नव्हे, खिसा कापण्याची युक्ति आहे."

जुनी अकरावी उत्तीर्ण होऊन छत्तीस वर्षें मीं मास्तरकी केली. शिक्षा देणें आणि शिक्षा झालेल्याची कैफियत ऐकणें, हा त्या धंद्याचा निम्मा भाग असतो. मुलाची तक्रार मीं हंसण्यावारी नेली नाहीं, आणि तशीच ती मान्यहि केली नाहीं. ती आज आपणांपुढें मांडावी आणि तिच्यांत खरें किती व रागाच्या भरांतलें किती, याची निवड करावी, असा माझा विचार आहे.

ही कुरकुर मोटारीइतकीच जुनी आहे. इंग्लंडांत १८६५ च्या कायद्यानें यांत्रिक गाड्यांना गांवांत ताशीं २ मैल आणि गांवाबाहेर ताशीं ४ मैल एवढीच मोकळीक दिली होती. १८९६ च्या जानेवारींत केंट परगण्यांत वॉल्टर अर्नोल्ड नांवाच्या गृहस्थानें ताशीं ८ मैलांच्या वेगानें मोटार नेली. एका पोलीस शिपायानें सायकलीवरून पाठलाग करून त्याला गांठलें, आणि वेगाबद्दल त्याला एक शिलिंग दंड झाला. पुढें १९०५ सालीं तेथील मोटारवाल्यांनीं आपला एक संघ काढला. पोलीस कुंपणाआड दडून वेग मोजीत, म्हणून संघाचे सेवक पुढें उभे राहून सभासदांना इशारा देत. १९१० सालीं न्यायालयानें असा इशारा देणें हा गुन्हा ठरविला, तेव्हां संघानें नवी तोड काढली. सेवकानें एरवीं प्रत्येक सभासदास सलाम करावा. ज्या दिवशीं सलाम होणार नाहीं, त्या दिवशीं पुढें पोलीस आहे असें समजावें! आपल्याकडे समोरून येणारा ट्रकवाला दिवे उघडझाप करून हेंच काम करतो. मनुष्यस्वभाव येथून तेथून एकच.

आतां आपल्या कायद्याकडे वळूं. सध्यां चालू असलेला मोटारवाहन कायदा १९८८ चा आहे. त्याचें ११२ वें कलम वेगाची मर्यादा घालतें आणि १८३ वें कलम ती ओलांडणाऱ्यास दंड सांगतें. केंद्र सरकारनें एप्रिल २०१८ मध्यें नव्या कमाल मर्यादा जाहीर केल्या. मध्यें दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीस ताशीं १०० किलोमीटर, मोठ्या प्रवासी गाडीस ९०, मालट्रकास ८० आणि मोटारसायकलीस ८०; नगरपालिकेच्या हद्दींतील रस्त्यावर मोटारीस ७० आणि ट्रकास ६०. परंतु ही वरची कड आहे. राज्य सरकारला स्थळ पाहून ती खालीं आणतां येते. मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर सपाटीस मोटारीला १०० आणि घाटांत ६० अशी मर्यादा ठेवलेली आपण पाहिली असेल. दंडाचें म्हणाल, तर २०१९ च्या दुरुस्तीनें हलक्या वाहनास १ हजार ते २ हजार रुपये आणि अवजड वाहनास २ हजार ते ४ हजार रुपये असा तो ठरला. हे वाढीव दंड महाराष्ट्रांत २०२१ च्या डिसेंबरांत लागू झाले.

मुलाची पहिली तक्रार अशी कीं, मर्यादेची पाटी दिसत नाहीं. ही तक्रार कायद्याला धरून आहे. ज्या ११२ व्या कलमानें सरकारला मर्यादा खालीं आणण्याचा अधिकार दिला, त्याच कलमानें योग्य ठिकाणीं पाट्या लावण्याचें कर्तव्यहि त्याच्या माथीं मारलें आहे. २०२१ च्या ऑगस्टांत केंद्रानें जे नियम केले, त्यांत तर असें स्पष्ट म्हटलें आहे कीं, यंत्रानें जेथें नजर ठेवावयाची, त्या टप्प्याच्या आधीं लोकांस ठळकपणें दिसेल अशी सूचना लावावी. पाटी बाभळीच्या झुडपाआड गेली असेल किंवा तिच्यावर कोणाच्या वाढदिवसाचा फलक लटकत असेल, तर दोष केवळ मोटारवाल्याचा नव्हे.

दुसरी तक्रार उशिराची. त्याच नियमांप्रमाणें गुन्ह्याची सूचना १५ दिवसांच्या आंत पाठविली पाहिजे. तींत गाडीच्या क्रमांकासह स्पष्ट छायाचित्र, यंत्रानें मोजलेला वेग, तारीख, वेळ, जागा आणि कोणतें कलम मोडलें हें सर्व असलें पाहिजे. यंत्राचें प्रमाणपत्रहि दर वर्षीं नवें करून घ्यावें लागतें. आणि १८३ व्या कलमांत आणखी एक पोटकलम आहे, तें पुष्कळांस ठाऊक नसतें. "मला वाटलें कीं गाडी फार वेगानें गेली", एवढ्या एका साक्षीदाराच्या अंदाजावरून कोणासहि दोषी धरतां येत नाहीं; तो अंदाज यंत्राच्या आधारें काढलेला असला पाहिजे. ज्याला चिठ्ठी चुकीची वाटते, त्याला वाहतूक पोलिसांच्या ॲपवर छायाचित्र पाहून तक्रार नोंदवितां येते आणि न्यायालयांतहि जातां येतें. मात्र छायाचित्र पाहण्याचे श्रम घेण्याऐवजीं चावडीवर बसून शिव्या देणेंच बहुतेकांस सोपें वाटतें.

ही नाराजी चावडीपुरतीच राहिली आहे, असेंहि नाहीं. २०२५ च्या जुलै महिन्यांत महाराष्ट्रांतील मालवाहतूकदारांनीं ई-चलनाच्या जाचाविरुद्ध संप पुकारला होता. त्यांच्या बाजूचा विचार आपल्या खानदेशांत तरी कोणी उपहासानें करूं नये. रावेर-यावलची केळी घडावरून उतरली कीं तिचें घड्याळ सुरू होतें. दिल्लीच्या बाजारांत माल उशिरा पोहोंचला तर भाव पडतो, आणि तो तोटा पुष्कळदां हांकणाऱ्याच्या भाड्यांतून वळता होतो. म्हणजे वेग त्याच्या पायांत दिसला, तरी घाई दुसऱ्याच्या डोक्यांत असते. कायद्यानें हेंहि ओळखलें आहे. वेगमर्यादा मोडल्यावांचून गांठतांच येणार नाहीं अशी वेळ जो मालक नेमून देईल, त्याची ती आज्ञाच त्याच्याविरुद्ध प्रथमदर्शनीं पुरावा मानावी, असें १८३ वें कलम सांगतें. दंडाची चिठ्ठी मात्र हांकणाऱ्याच्या नशिबीं येते. वाहतूकदारांच्या संघांनीं या पोटकलमाचा आग्रह धरला, तर माझ्या मतें तो अधिक न्याय्य होईल.

तिसरी तक्रार उरली, आणि रागाचें मूळ तींत आहे. "एवढा रुंद रस्ता केला, आणि त्यावर साठानें चालावयाचें?" येथें मात्र मीं मुलापुढें पाटी-पेन्सिल ठेवली. आपणहि हा हिशेब कागदावर मांडून पाहा.

ताशीं ६० किलोमीटर म्हणजे सेकंदास १६.७ मीटर. अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. तेवढ्यांत गाडी २५ मीटर पुढें गेलेली असते. नंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें २३ मीटर लागतात. एकूण ४८ मीटर. आतां वेग ८० घ्या. सेकंदास २२.२ मीटर, दीड सेकंदांत ३३ मीटर, आणि थांबण्यास ४१ मीटर. एकूण ७४. वेग तृतीयांशानें वाढला, पण थांबण्याचें अंतर दीडपटीहून अधिक झालें. कारण ब्रेकचें अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें.

खरी गोष्ट याच्या पुढें आहे. समजा, ४८ मीटरांवर एक म्हातारी रस्ता ओलांडीत आहे. साठानें येणारी गाडी तिच्या पुढ्यांत येऊन थांबली. ऐंशीनें येणारी गाडी त्याच जागीं पोहोंचली, तेव्हां तिचा वेग किती उरला असेल? वीस, असें मुलगा म्हणाला. आणि आपणांपैकीं पुष्कळांचें उत्तर तेंच असेल. पण हिशेब करून पाहिला तर तो ताशीं ६४ किलोमीटर निघतो. ज्या जागीं एक गाडी उभी राहिली, त्या जागीं दुसरी साठाहून अधिक वेगानें आदळते. वरचे वीस किलोमीटर आपण क्षुल्लक समजतों, ते असे शेवटच्या क्षणीं आपली किंमत वसूल करतात.

आणि या वेगाच्या मोबदल्यांत मिळतें काय? जळगांव-धुळें नव्वद किलोमीटर ८० च्या वेगानें अखंड गेल्यास ६७ मिनिटें लागतात आणि १०० च्या वेगानें ५४. तेरा मिनिटें वांचतात. तींहि वाटेंत बैल, ट्रॅक्टर आणि टोलनाका आडवा आला नाहीं तर. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, सरासरी वेग शेंकडा एकानें वाढला, तर प्राणघातक अपघाताचा धोका शेंकडा चारांनीं वाढतो. भारतांत २०२२ सालीं रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं; त्यांपैकीं शेंकडा सत्तराहून अधिक मृत्यूंच्या नोंदींत अतिवेग हें कारण लिहिलें आहे. पोलिसांच्या नोंदींत हें एक कारण सोईचें म्हणूनहि लिहिलें जात असेल. पण कितीहि वजावट केली तरी उरतें तें थोडें नव्हे.

रस्ता रुंद आहे हें खरें. परंतु तो मोकळ्या माळावरूनच जातो असें नाहीं. जळगांव शहराच्या पोटांतून गेलेला महामार्ग आठवा. खोटेनगरापासून अजिंठा चौफुलीपर्यंत एका अंगास शाळा-महाविद्यालयें आणि दुसऱ्या अंगास वसाहती. लोकांनीं समांतर रस्त्यांसाठीं वर्षानुवर्षें आंदोलनें केलीं, तीं हौसेनें नव्हेत. बांभोरीजवळ गिरणेच्या पुलापाशीं विद्यार्थ्यांचा घोळका आणि भरधांव ट्रक एकाच डांबरावर असतात. ४ जुलै २०२३ रोजीं शिरपूर तालुक्यांत पळासनेराजवळ एका कंटेनरचे ब्रेक निकामी झाले आणि रस्त्याकडेच्या दहांहून कमी नव्हेत इतक्या माणसांचे प्राण गेले. २०२१ च्या फेब्रुवारींत यावल तालुक्यांतील किनगांवाजवळ पपईचा ट्रक उलटून त्यावर बसलेले पंधरा मजूर दगावले. या दोन्ही अपघातांची कारणें निरनिराळीं आहेत. त्यांचा बोजा मी एकट्या वेगावर टाकीत नाहीं. परंतु मेलेलीं माणसें कोण होतीं तें पाहा. त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या हातीं चाक नव्हतें. दंडाची चर्चा आपण मोटारींत बसलेल्यांच्या बाजूनें करतों. रस्त्यावर उभ्या असलेल्याला त्या चर्चेंत कोणी विचारीत नाहीं.

मग दंड योग्य कीं अयोग्य? शाळेंत मला एक धडा फार उशिरा मिळाला. छडी जितकी मोठी तितकें मूल सुधारतें, ही समजूत खोटी. शिक्षा लहान असली तरी चालते. ती चुकणार नाहीं, लगेच होईल आणि कशाबद्दल झाली हें मुलाला कळेल, एवढें पाहिजे. आठ दिवसांनीं आठवण होऊन मारलेल्या छडीनें मूल फक्त लपावयास शिकतें. इटलींतील बेकारिया नांवाच्या पंडितानें १७६४ सालींच असें लिहून ठेवलें होतें कीं, गुन्हा थांबतो तो शिक्षेच्या क्रूरपणामुळें नव्हे, तर तिच्या निश्चितपणामुळें. आमच्या मास्तरांना तें कोणी सांगितलें नाहीं, आणि दंडाच्या खात्यालाहि कोणी सांगितलेलें दिसत नाहीं.

म्हणून माझें म्हणणें असें. मोटारवाल्यांनीं ओरड अवश्य करावी. पण ती मर्यादा काढून टाका अशी नसावी. पाटी स्वच्छ दिसेल अशी लावा, कॅमेऱ्याच्या आधीं सूचना द्या, चिठ्ठी आठ दिवसांत पाठवा, आणि शंभराची मर्यादा एकदम चाळीसावर आणूं नका, मध्यें पायऱ्या ठेवा, अशी ती असावी. ही मागणी पुरी झाली, तर सरकारच्या तिजोरींत दंड कमी जमेल. आणि तो कमी जमणें हेंच त्या दंडाचें यश होय.

मुलानें त्या रात्रीं तिन्ही छायाचित्रें उघडून पाहिलीं. एकांत क्रमांक अस्पष्ट होता. त्याबद्दल त्यानें तक्रार नोंदविली. उरलेल्या दोहोंत गाडी त्याचीच होती आणि वेगहि त्याचाच. ते दंड त्यानें भरले. हल्लीं तो सोमवारीं सकाळीं पाव तास आधीं निघतो. सूनबाईस तेवढा डबा लवकर करावा लागतो, ही तिची तक्रार मात्र अद्याप निकालांत निघालेली नाहीं.