जुन्या मोटारीच्या काचेचे रबर

जुन्या मोटारीची पुढची काच पत्र्याला चिकटवलेली नसते, ती रबराच्या एका सलग कड्यात धरलेली असते. हल्लीच्या गाड्यांत काच पॉलियुरेथेनच्या चिकटद्रव्याने थेट पत्र्यावर बसवतात आणि ती सांगाड्याला थोडे बळही देते. प्रीमिअर पद्मिनी, अँबॅसेडर, फोक्सवॅगन बीटल किंवा ब्रिटिश मिनी यांची रीत वेगळी. त्यांच्या रबराला दोन खोबणी असतात. एकीत काचेची कड बसते आणि दुसरी चौकटीच्या पत्र्याची आत वळवलेली अरुंद कड पकडते. काच धरायची, पाणी अडवायचे आणि खड्ड्यांतून जाताना बॉडीला बसणारे पीळ काचेपर्यंत पोहोचू द्यायचे नाहीत, ही तिन्ही कामे हे एक रबर करते.

ते कायम टिकत नाही. नैसर्गिक रबराच्या रेणुसाखळीत कार्बनचे दुहेरी बंध असतात आणि हवेतला ओझोन नेमके तेच तोडतो. ताणलेल्या रबरावर हा परिणाम अधिक होतो, म्हणून भेगा आधी कोपऱ्यांच्या वळणावर दिसतात. उन्हाने रबर कडक होते, आक्रसते आणि सांध्याशी फट पडते. ईपीडीएम या कृत्रिम रबराच्या मुख्य साखळीत असे दुहेरी बंध नसल्याने ते ऊन आणि ओझोन पुष्कळ अधिक सोसते. नवे रबर घेताना ते ईपीडीएमचे आहे का, हे दुकानदाराला आधी विचारावे. रबराचा काळा रंगही शोभेचा नव्हे. त्यात मिसळलेली काजळी अतिनील किरण शोषून घेते.

खरे नुकसान मात्र रबराखाली होते. मुंबई-कोकणच्या पावसात रबराची पकड ढिली पडली की पाणी काचेवरून ओघळून खालच्या दोन कोपऱ्यांत साचते. चौकटीची कड बहुधा पत्र्याचे दोन थर स्पॉट वेल्डिंगने जोडून केलेली असते. त्या थरांमध्ये शिरलेले पाणी लवकर सुकत नाही. गाडीतल्या माणसाला कळते ते फार उशिरा, पायाखालची मॅट ओली लागल्यावर. तोवर आत गंज धरलेला असतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे कड फुगते, काचेला खालून एका ठिकाणी दाब बसतो आणि कुठलाही दगड न लागता काचेला कडेपासून तडा जातो. अशा वेळी नुसती काच बदलली तर नवीही तशीच तडकण्याची भीती असते.

काच काढण्याआधी वायपरच्या दांड्या, आतला आरसा आणि क्रोमची पट्टी काढून घेतात, बॉनेटवर जाड गोधडी पसरतात. जुने रबर वाचवण्यात अर्थ नसतो. धारदार पात्याने त्याची बाहेरची ओठाळी काचेच्या कडेने सगळीकडे कापली की काच आतून हलक्या दाबाने सुटते. काच लॅमिनेटेड असेल, म्हणजे काचेच्या दोन थरांत प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असेल, तर ती जराही वाकवून चालत नाही. एका कोपऱ्यावर जोर दिला की ती तडकते. पूर्वीच्या टफन्ड काचेच्या जागी लॅमिनेटेड बसवायची असेल तर जाडीही मोजून घ्यावी. दोन्हींची जाडी सारखी असेलच असे नाही आणि रबराची खोबणी ठरावीक जाडीसाठीच घडवलेली असते.

आता पत्रा उघडा पडतो आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायला हवा. जुने सीलंट खरवडायचे, वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत गंज घासायचा, उरलेल्या खड्ड्यांत फॉस्फोरिक आम्लाचे गंजरोधक लावायचे, मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. कड कुजून गेली असेल तर तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करण्याला पर्याय नाही. पुट्टीने भरलेल्या कडेला रबर घट्ट धरत नाही आणि दोन पावसाळ्यांत सगळे पुन्हा उखडते. रंग पूर्ण वाळेपर्यंत थांबावेच लागते. म्हणून हे काम एप्रिल-मे महिन्यांत काढलेले बरे. शिवाय उन्हात ठेवलेले नवे रबर मऊ पडते.

बसवताना रबर आधी काचेवर चढवतात, कोपरे पहिल्यांदा आणि सरळ बाजू नंतर. मग मोकळ्या राहिलेल्या खोबणीत चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी सगळीकडून दाबून भरतात. तिची दोन टोके खालच्या बाजूला मध्यावर वीतभर एकमेकांवरून नेऊन आतल्या बाजूला लोंबती ठेवतात. खोबणीला आणि पत्र्याच्या कडेला साबणाचे पाणी चोपडतात. एक जण बाहेरून काच चौकटीवर बरोबर मध्ये धरतो, दुसरा आत बसून दोरीचे एक टोक काचेच्या मध्याकडे, कडेशी काटकोनात ओढू लागतो. दोरी सुटत जाते तशी रबराची आतली ओठाळी पत्र्यावरून उलटून आत येते. दोरी जिथे निघते आहे तिथेच बाहेरच्या माणसाने तळहाताने थोपटत दाबायचे असते. ओठाळी अडली तर दोरीला हिसका देऊ नये, रबर फाटते. मागे येऊन पुन्हा साबण लावावा.

पट्टीचा क्रम गाडीगणिक बदलतो. मिनीच्या रबरात काच बसल्यावर बाहेरून एक पट्टी ठोसतात, तिच्यामुळे रबर फुगून घट्ट होते. ती पट्टी नसेल तर काच नीट धरली जातच नाही. बीटलची चमकती पट्टी निव्वळ शोभेची, पण ती रबरात आधीच घालावी लागते, नंतर ती बसवणे फार कठीण.

काच बसल्यावर काच आणि रबर, रबर आणि पत्रा यांच्यामध्ये बारीक नळीने न कडकणारे सीलंट भरतात. न्हाणीघरात वापरतात ते आंबूस वासाचे सिलिकॉन इथे मुळीच नको. वाळताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि पत्रा गंजतो. शेवटी पाइपाने पाणी खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर नेतात आणि आतून एकाने पाहायचे, म्हणजे गळती नेमकी कुठून आहे ते कळते. पुढे रबर पुसायला रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलियम जेली वापरू नये. खनिज तेलाने ईपीडीएम फुगते. साधे साबणाचे पाणी किंवा सिलिकॉनचे पॉलिश पुरते.