लघवी तपासली, पण कशासाठी?

मुळशी धरणाच्या परिसरातील माले येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. अशा केंद्रांत गरोदर स्त्रिया येतात, तेव्हा वजन, रक्तदाब व हिमोग्लोबिन यांच्याबरोबर लघवीही तपासली जाते आणि कार्डावर तशी नोंद होते. या नोंदीच्या अर्थाविषयी मात्र गैरसमज नसावा. नेहमीच्या तपासणीत लघवीतील अल्ब्युमिन व साखर पाहतात. त्यांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु मूत्रमार्गात जंतूंचा शिरकाव झाला आहे काय, या प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळत नाही.

गरोदरपणी तर हा प्रश्न अधिकच बिकट होतो. संप्रेरकांमुळे मूत्रवाहिन्या सैलावतात, वाढत्या गर्भाशयाचा भार त्यांवर पडतो आणि लघवी तुंबून राहते. शंभरांतील दोन ते दहा गर्भवतींच्या लघवीत जंतू आढळतात, आणि तरीही जळजळ नसते की ताप नसतो. तक्रार नाही म्हणून उपचारही नाहीत असे झाल्यास त्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या स्त्रियांना पुढे मूत्रपिंडाचा दाह होऊ शकतो. अकाली प्रसूतीचा धोका निराळाच. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये या निदानासाठी कल्चर हीच पद्धत शिफारसपात्र ठरविली आणि जंतू आढळल्यास सात दिवस प्रतिजैविके द्यावीत, असे सांगितले.

कल्चरला प्रयोगशाळा लागते. शिवाय नमुना उघड्या उष्म्यात राहिला, तर काही तासांतच त्यातील जंतू वाढून निष्कर्ष फसवा ठरतो. थंड ठेवल्यास मात्र तो दिवसभर टिकतो. बर्फाच्या पेटीतून लस दूरच्या वाडीपर्यंत नेण्याची शिस्त आपल्या आरोग्यसेवेने कष्टाने कमावली आहे. मग वेगळ्या पेटीतून लघवीचे नमुने उलट दिशेने पुण्यास का जाऊ नयेत? ते जमेपर्यंत रंग बदलणाऱ्या पट्टीवर भागवावे, असे कोणी म्हणेल. पट्टी स्वस्त खरी, पण तिच्या नजरेतून पुष्कळ रुग्ण निसटतात. त्यापेक्षा काचेवर ग्रॅम पद्धतीने रंगविलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे अधिक भरवशाचे. आणि हिवतापाच्या तपासणीमुळे हे यंत्र अनेक केंद्रांत आहेच.

एवढे करूनही अहवाल त्या स्त्रीच्या हाती पडला नाही, तर सारे व्यर्थ. तो पोचविण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर तरी सोपवावी लागेल. मुळशीच्या पावसात सातव्या महिन्याची बाई केवळ एक कागद विचारण्यासाठी पुन्हा डोंगर उतरून येईल, हे गृहीत धरू नये.